चूक : एक बारीक खिळा

मराठीत ‘चूक’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. त्यांपैकी एक अध्यापकांच्या रोजच्या परिचयाचा आहे. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे समोर आले की तोच आमच्या वाट्याला येतो. दुसरा अर्थ सुताराच्या आणि चांभाराच्या पेटीत सापडतो. तेथे चूक म्हणजे बारीक, आखूड खिळा. चपलेचा अंगठा निखळला की दोन चुका मारतात. तसबिरीच्या मागचा पुठ्ठाही चुकांच्याच आधाराने राहतो. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्हींचे अनेकवचन ‘चुका’, आणि दोन्ही प्रकारच्या चुका काढता येतात. फरक इतकाच की एक होते आणि दुसरी मारावी लागते. प्रस्तुत लेखाचा विषय दुसऱ्या अर्थाची चूक हा आहे. परंतु ज्या इतिहासात ती आपल्याला नेणार आहे तेथे पहिल्या अर्थाशी गाठ पडल्यावाचून राहणार नाही.

हा इतिहास लाकडी विमानांचा आहे. विमान म्हटले की आज डोळ्यांसमोर चकचकीत धातू येतो. परंतु विमानविद्येची पहिली तीन दशके प्रामुख्याने लाकूड, कापड आणि तार यांची होती. १९३०च्या दशकात धातूची विमाने पुढे आली आणि लाकूड मागे पडू लागले. नेमक्या याच वेळी इंग्लंडमधील द हॅविलंड कंपनीने लाकडाचे एक वेगवान बाँबफेकी विमान करण्याचा घाट घातला. संरक्षणासाठी बंदुका नाहीत, माणसे दोनच, भिस्त सारी वेगावर, अशी ही कल्पना होती. विमानखात्यातील अनेकांना ती प्रथम पटली नाही. तिच्यामागे मात्र एक व्यवहारी विचार होता. युद्धकाळात ॲल्युमिनियमची आणि धातुकामगारांची टंचाई होणार हे उघड होते. उलट लाकूडकाम करणारे कुशल हात फर्निचरच्या कारखान्यांत मोकळे होणार होते. लंडनच्या उत्तरेस सॉल्सबरी हॉल या जुन्या वाड्यात आराखडे तयार झाले आणि २५ नोव्हेंबर १९४० रोजी हॅटफील्ड येथे या विमानाच्या पहिल्या नमुन्याने आकाशात झेप घेतली. त्याचे नाव ‘मॉस्किटो’, म्हणजे डास. चाचण्यांत त्याने ताशी सहाशे किलोमीटरांहून अधिक वेग गाठला आणि शंका घेणारे गप्प झाले. पुढे ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया या तीन देशांत मिळून ७,७८१ मॉस्किटो तयार झाले.

हे विमान ज्यांनी घडवले ते लोक कोण होते? खुर्च्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या हाय विकम या गावातील कारखाने, लंडनच्या टॉटनहॅम भागातील हॅरिस लेबससारखी फर्निचरची मोठी कंपनी, पियानो तयार करणारे कारागीर, अशा नाना ठिकाणी त्याचे भाग तयार होत. या कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती. इक्वेडोरचा हलका बाल्सा, बर्चचे पातळ प्लायवूड, स्प्रूस आणि डग्लस फर अशी नाना लाकडे त्यांच्या हाताखालून जात. विमानाच्या इतिहासात वैमानिकांची नावे आहेत, रचनाकारांची आहेत. या हातांची बहुधा नाहीत. त्यांनी मागे ठेवलेली खूण पाहायची तर लाकडात पाहावी लागते, आणि ती खूण म्हणजे चुकांच्या रांगा.

येथे चुकेचे नेमके काम काय, हे पाहिले पाहिजे. सर्वसाधारण समजूत अशी की खिळा दोन लाकडे धरून ठेवतो. घरातल्या फळीच्या बाबतीत ते खरेही आहे. विमानात मात्र लाकडाला लाकूड धरून ठेवतो तो सरस. दोन पृष्ठभाग गुळगुळीत करून, त्यांवर सरस लावून ते एकमेकांवर ठेवले की तो कठीण होईपर्यंत सर्वत्र सारखा दाब मिळाला पाहिजे. दाब कमी पडला तर मध्ये फट राहते. सरसाचा जाड थर बाहेरून भरीव दिसला तरी कालांतराने तडकू शकतो. दाब अवाजवी झाला तर सरस कडांवाटे निसटून सांधा कोरडा राहतो. मोकळ्या जागी हा दाब शिकंज्याने देता येतो. मॉस्किटोच्या धडासाठी तर साच्यावर पोलादी पट्टे आवळून तो देत असत. परंतु पंखातील बरगडीवर पातळ प्लायवूड चढवायचे असेल, कोपऱ्यात बोटभर लांबीची आधारपट्टी चिकटवायची असेल, तर तेथे शिकंजा पोचत नाही. अशा ठिकाणी चुका मारतात. पुष्कळदा प्लायवूडवर आधी लाकडाची एक बारीक पट्टी ठेवून तीमधून चुका मारल्या जातात, म्हणजे दाब एका ठिपक्यावर न पडता पट्टीभर पसरतो. सरस कठीण झाला की पट्टी आणि तिच्याबरोबर चुका उपटून काढतात. काही ठिकाणी त्या तशाच आत राहतात. सांध्याची ताकद मोजताना मात्र त्यांना धरत नाहीत. रात्रभर दाबून धरणे एवढेच त्यांचे काम. ते झाले की हिशेबात त्या शून्य.

मॉस्किटोच्या रचनेत एक मोठी सोय होती. त्याचे धड उभ्या दोन अर्धुकांत तयार होई, नारळाच्या दोन वाट्यांसारखे. वाट्या उघड्या असतानाच आतील तारा, नळ्या, यंत्रे बसवत आणि मग त्या एकमेकींना जोडत. म्हणजे घडवणाऱ्यापुढे मोकळी जागा असे. उजेड असे, हात फिरवायला वाव असे, झालेले काम डोळ्यांनी तपासता येई. दुरुस्ती करणाऱ्याच्या नशिबी हे सुख नसते. त्याच्यापुढे येते ते मिटलेले विमान. आतील सांधा सुटला असेल तर त्याने कवचाला लहानशी खिडकी पाडायची, तीतून मनगटापर्यंत हात आत घालायचा आणि आरसा व दिवा यांच्या साहाय्याने, कधी केवळ बोटांच्या अंदाजाने, काम करायचे. एकाच सांध्याचे हे दोन निरनिराळे धंदे आहेत असेच म्हटले पाहिजे.

या अडचणीच्या जागी चूक मारणे म्हणजे काय, याचा थोडा तपशील देणे आवश्यक वाटते, कारण अशा तपशिलातच कारागिराची बुद्धी दिसते. सर्वसामान्य सुतार बारीक खिळा दोन बोटांच्या चिमटीत धरून पहिला ठोका घालतो. येथे बोटे मावत नाहीत आणि मावली तर हातोडी मावत नाही. लोखंडी चूक असेल तर चुंबकीय तोंडाची लहान हातोडी कामी येते. ती चुकेचे डोके स्वतःच धरून ठेवते. परंतु लाकूड दमटले की लोखंड गंजते, म्हणून अनेक ठिकाणी पितळी चुका पसंत करतात आणि पितळ चुंबकाला दाद देत नाही. मग जाड कागदाच्या पट्टीत चूक खोचून ती पट्टी आत सरकवतात. चूक निम्मी आत गेली की कागद फाडून काढतात. किंवा बाहेर उजेडात असतानाच पट्टीमध्ये सर्व चुका अशा बसवून घेतात की त्यांची टोके खालून जेमतेम डोकावतील. मग पट्टी जागेवर ठेवून केवळ शेवटचे ठोके आत द्यायचे. ठोका घालायलाही जागा नसेल तर नळीत दट्ट्या असलेले हत्यार घेऊन चूक दाबून बसवतात, किंवा पकडीच्या जबड्याला चामड्याचा तुकडा लावून ती हळूच आवळतात.

तरीही एक प्रश्न उरतो, तो ठोक्याच्या धक्क्याचा. विमानाची बरगडी नाजूक असते. हातोडीचा घाव बसला की ती उसळते, चूक वाकते आणि शेजारचा जुना, वर्षानुवर्षे सांभाळलेला सांधा हादरतो. म्हणून दुसऱ्या हाताने मागून लोखंडाचा जड ठोकळा टेकवून धरावा लागतो. घाव त्याने पचवायचा. काठाजवळ चूक मारली तर लाकूड चिरते, जोर जास्त झाला तर चुकेचे डोके प्लायवूडमध्ये रुतून त्याचे तंतू तुटतात. आणि हे सर्व घाईने करायचे, कारण सरस लावल्यापासून तो आवळू लागेपर्यंतचा अवधी मोजका असतो. मंद हाताला त्यात स्थान नाही आणि उतावळ्या हाताला तर मुळीच नाही.

आता ज्या प्रसंगामुळे हा विषय केवळ कारागिरीचा राहत नाही त्याकडे वळू. तो प्रसंग आपल्या देशात घडला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटो विमाने आली होती, आणि १९४४ च्या उत्तरार्धात त्यांतील काही विमाने उड्डाणात मोडून पडली. पंखाचे वरचे कवच मुख्य वाशापासून सुटत असल्याचे दिसू लागले. नोव्हेंबर १९४४ मध्ये तपासणीसाठी उड्डाणे थांबवावी लागली. पंख मोडणे याचा अर्थ आत बसलेल्या दोन माणसांचा मृत्यू. तेव्हा प्रश्न उभा राहिला : चूक कोणाची?

पहिले उत्तर तयारच होते. दोष हवामानाचा. दुधातील केसीनपासून केलेल्या सरसाला इकडची उष्णता आणि पावसाळा मानवत नाही, असे बोलले जाऊ लागले. कंपनीचे संस्थापक जेफ्री द हॅविलंड यांचे धाकटे बंधू मेजर हेरवर्ड द हॅविलंड यांच्या नेतृत्वाखाली एक पथक भारतात आले. डिसेंबर १९४४ च्या आरंभी त्यांनी दिलेल्या अहवालात सरस बिघडल्याचे नाकारले होते. पावसाळी हवेत विमानाच्या सांगाड्याच्या आकारमानात फरक पडतो, त्याचा हा परिणाम, असा त्यांचा निष्कर्ष होता. आरोपी बदलला नाही. सरस सुटला, पण हवामान तसेच पिंजऱ्यात उभे राहिले. नंतरच्या चौकशीचा निर्णय मात्र वेगळा लागला. अपघातांचे मूळ सदोष बांधणीत आहे असे तीत ठरले. इंग्लंडमध्ये विमाननिर्मिती खात्याच्या पथकाने डेफर्ड येथे आणखी तपासणी केली, तेव्हा कंपनीच्या हॅटफील्ड आणि लीव्हझडन या दोन कारखान्यांत बांधलेल्या, निरनिराळ्या सहा प्रकारच्या मॉस्किटोंमध्ये तेच दोष आढळले. ही विमाने कधी पावसाळ्यात उभी नव्हती, त्यांना कधी वाळवी लागलेली नव्हती. सांधे चिकटवण्याचे कामच पुरेसे चांगले झाले नव्हते. असे असूनही अधिकृत भूमिका ‘मुख्यतः हवामान’ हीच ठेवली गेली, कारण विमानावरचा वैमानिकांचा विश्वास ढळू देणे युद्धकाळात परवडणारे नव्हते. उपाय म्हणून पंखाच्या लांबीभर, कवचाच्या सांध्यावर, पाणी आत झिरपू नये यासाठी प्लायवूडची एक पट्टी बसवण्यात आली.

या प्रकरणात खलपुरुष शोधणे सोपे आहे, पण न्याय्य होणार नाही. द हॅविलंड कुटुंब दूर बसून नफा मोजणारे नव्हते. पहिला मॉस्किटो आकाशात नेला तो संस्थापकांच्या थोरल्या मुलाने. १९४३ मध्ये त्यांचा धाकटा मुलगा जॉन दोन मॉस्किटोंच्या टकरीत मरण पावला होता. कारखान्यातील कामगारांना दोष द्यावा तर तेही तितकेच अन्यायाचे. युद्धाची घाई, नवखे हात, रोजची ठरलेली संख्या यांत एखाद्या सांध्याला दाब कमी पडणे अशक्य नव्हते. आणि पंख एकदा मिटला की तो सांधा बाहेरून दिसत नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. चिकटवलेला सांधा उघडून पाहिल्यावर जे दिसले ते एक, आणि जाहीरपणे सांगितले गेले ते दुसरे. हवामान हा मोठा सोयीचा आरोपी असतो. त्याला वकील नसतो, त्याचा जबाब नसतो. शिवाय हे हवामान वसाहतीचे होते. तेथील उष्ण, दमट, कुजवणाऱ्या हवेविषयी साम्राज्याच्या मनात एक कथा आधीपासूनच रूढ होती. त्या कथेत विमानाच्या फुटलेल्या पंखासाठी जागा सहज झाली.

युद्ध संपल्यावर मॉस्किटोंची गरज संपली. लाकूड असल्याने बरीचशी विमाने कुजली, जाळली गेली, मोडीत निघाली. आकाशात उडणारा एक उरलासुरला मॉस्किटो जुलै १९९६ मध्ये इंग्लंडमधील बार्टन येथे कोसळला आणि त्यातील दोघे मृत्यू पावले. त्यानंतर सोळा वर्षे एकही मॉस्किटो उडाला नाही. २७ सप्टेंबर २०१२ रोजी न्यूझीलंडमधील आर्डमोर येथून जो पुन्हा उडाला, त्याची कथा आमच्या विषयाला जवळची आहे. १९४५ मध्ये कॅनडात बांधलेले ते विमान युद्धानंतर आल्बर्टा प्रांतातील एका शेतकऱ्याने विकत घेतले होते, आणि सुमारे तीन दशके ते शेतावर पडून होते. लाकूड इतके कुजले होते की ते वापरणे शक्यच नव्हते. ग्लिन पॉवेल या न्यूझीलंडमधील गृहस्थांनी अनेक वर्षे खपून मॉस्किटोच्या धडाचे साचे नव्याने तयार केले होते. त्यांवर नवे लाकूड चढले आणि जुन्या विमानाचे धातूचे भाग दुरुस्त करून त्या नव्या देहात बसवले गेले.

मग हे विमान जुने की नवे? प्रश्न वरवर वाटतो तितका सोपा नाही. पहिला नमुना, डब्ल्यू ४०५०, आजही सॉल्सबरी हॉलच्या परिसरातील संग्रहालयात आहे. परंतु १९४१ च्या फेब्रुवारीत एका चाचणीच्या वेळी खडबडीत जमिनीवर त्याचे शेपटाचे चाक अडकले, धड मोडले, आणि दुसऱ्या नमुन्यासाठी तयार झालेले धड त्याला बसवण्यात आले. म्हणजे ज्याला आपण ‘मूळ’ म्हणतो त्याचे धडही मुळातले नाही. पुनरुज्जीवन करणारे कारागीर म्हणूनच जेथे शक्य तेथे जुने लाकूड राखतात आणि कुजलेला भाग कापून नवा जोडतात. हा जोड काटकोनात देत नाहीत. वाशाच्या जाडीच्या दहा-बारा पट लांबीचा तिरकस काप घेऊन जुने आणि नवे एकमेकांवर निजवतात, म्हणजे भार एका रेषेवर न येता दोघांत वाटला जातो.

साहित्याच्या अभ्यासकाला हे काम अनोळखी वाटू नये. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये सिद्ध झाली. त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, अशुद्धी शिरली ती पाठांतरांतून, अशी त्यांची धारणा होती. ज्ञानदेवांपुढे मोकळे आकाश होते. एकनाथांपुढे मिटलेली ओवी होती. यमक ठरलेले, मागचापुढचा अर्थ ठरलेला, आणि मध्ये एक सुटलेला शब्द. तो बसवताना शेजारचा चरण हादरू द्यायचा नाही. संपादनाचा घाव पचवण्यासाठी मागे एक जड ठोकळा लागतो, आणि तो त्या ग्रंथाच्या आयुष्यभर केलेल्या वाचनाचा असतो. एकनाथांसारखा संपादक लाखांत एक. बाकीचे लेखनिक आणि शोधक त्या प्रतीत चुकांप्रमाणे आत राहिले आहेत, आणि त्यांचे मोलही आपण फारसे धरत नाही.

कारागीर जेव्हा जुना पंख उघडतात तेव्हा सरस सुटलेला असतो, प्लायवूडचे पापुद्रे निघालेले असतात, पण चुका किंवा त्यांची छिद्रे बहुधा जागेवर असतात. दोन चुकांत अंतर किती, रांग सरळ की नागमोडी, कोठे एक चूक वाकली म्हणून तिच्याशेजारी दुसरी मारली, हे सारे त्यांवरून वाचता येते. कोणा अनाम व्यक्तीच्या एका कामाच्या दिवसाचा तो दस्तऐवज असतो. १९४४ च्या अपघातांचा निवाडाही शेवटी अशाच उघडलेल्या सांध्यांनी केला, अहवालातील शब्दांनी नव्हे.

आपल्या क्षेत्रातही हवामानावर ठपका ठेवण्याची सवय कमी नाही. एखादी वाङ्मयीन चळवळ विझली, एखादे नियतकालिक बंद पडले, एखादा लेखक लिहिता थांबला की आम्ही ‘बदलता काळ’, ‘सामाजिक परिस्थिती’ असे दोन शब्द लिहून प्रकरण मिटवतो. वर्गातही तेच सांगतो आणि विद्यार्थी तेच उत्तरपत्रिकेत लिहितात. काळ आणि परिस्थिती यांचा परिणाम होत नाही असे आमचे म्हणणे नाही. लाकूड पावसाळ्यात फुगतेच. परंतु ते लिहिण्यापूर्वी निदान एक सांधा उघडून पाहायला हवा : त्या नियतकालिकाचा पत्रव्यवहार, जमाखर्चाची वही, मुद्रिते तपासणाऱ्याच्या खुणा. आत हात घालणे अडचणीचे असते, उजेड कमी असतो, आणि हाताला जे लागेल ते कदाचित आपल्याच बाजूचे नसेल. उत्तरपत्रिकेत यापुढे ‘परिस्थितीमुळे’ हा शब्द आला की त्याखाली लाल रेघ ओढण्याआधी आम्हांला हे आठवेल, कारण तो शब्द विद्यार्थ्यांना आम्हीच दिलेला आहे.